पावसाळी डोंगरयात्रा व विजारीची निवड

मृगाचे दोन-चार पाऊस पडून डोंगर हिरवे दिसूं लागले, कीं घरांतील तरुण मंडळींच्या बोलण्यांत राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई हीं नांवें वारंवार येऊं लागतात. पावसाळ्यांत गड चढावयास जाणें हें पूर्वीं पुष्कळ घरांत अविचाराचें लक्षण समजलें जाई. आतां पुण्यामुंबईहून निघणाऱ्या टोळ्यांची खरी गर्दी आषाढ-श्रावणांतच असते. मुलांच्या बरोबरीनें मुली जातात, आणि एखाद्या टोळींत साठी ओलांडलेले आजोबाही दिसतात. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु तिच्यामागून घरच्या कर्त्या माणसांपुढें एक प्रश्न येतो, तो असा कीं, मुसळधार पावसांत डोंगर चढावयाचा तर पायांत कोणती विजार घालावी? कोटाचा विचार सर्वच करितात. विजारीची आठवण बहुधा निघण्याच्या आदल्या सायंकाळीं होते. दुकानांत कांहीं शें रुपयांपासून कांहीं हजार रुपयांपर्यंतच्या विजारी टांगलेल्या असतात आणि त्या सर्वांवर 'वॉटरप्रूफ' हा एकच शिक्का असतो. त्या शिक्क्यावरून निवड करितां येत नाहीं. ती कशावरून करावी, याचा विचार या वेळीं करूं.

पहिला धडा डोंगरांत राहणाऱ्यांकडूनच घ्यावा हें बरें. मावळांत किंवा कोंकणांत भाताची लावणी चालू असतांना पाहिलें, तर शेतकऱ्याच्या डोक्यापाठीवर बांबूच्या कामट्यांचें व पानांचें इरलें असतें, किंवा घोंगडीची खोळ असते. हल्लीं त्यांच्या जागीं प्लास्टिकचा कागद पुष्कळ ठिकाणीं आला आहे. गुडघ्याखालीं पाय मात्र उघडे असतात. बायका लुगड्याचा कासोटा वर खोंचून त्याच पावसांत दिवसभर वांकून काम करितात. या रीतींत मोठें शहाणपण आहे. मस्तक, छाती व पाठ यांचें रक्षण करावयाचें. पाय चालते असल्यामुळें आपली ऊब ते स्वतःच निर्माण करितात. शिवाय उघड्या कातडीवर पाणी टिकत नाहीं, तें निथळून जातें. भिजलेलें जाड कापड पाणी धरून बसतें व तें पाणी दिवसभर वाहून न्यावें लागतें.

मग शहरच्या माणसानेंही उघड्या पायांनींच चालावें काय? तसें सांगतां येत नाहीं. करवंदीच्या जाळ्या, गवताचीं धारदार पातीं, डांस आणि घसरतांना खरचटणारा काळा कातळ यांची संवय त्याच्या पायांस नसते. आणि दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे. शेतकरी काम संपतांच चुलीपाशीं जातो. आपला मुलगा मात्र माथ्यावरच्या वाऱ्यांत तासभर बसून डबा खातो. धोका त्या तासाचा आहे.

हा धोका नीट समजून घेतला पाहिजे. पाणी हवेपेक्षां वीस पटींहून अधिक सुलभतेनें उष्णता वाहून नेतें. त्याशिवाय अंगावरचें पाणी वाळतांना लागणारी उष्णता बहुतांशीं शरीरांतूनच जाते. जाड सुती विजारींत, विशेषतः जीन्समध्यें, अर्धा लिटर पाणी राहिलें असें धरलें, तर तें पुरतें वाळण्यास आहारशास्त्राच्या मापानें सुमारें २९० कॅलरी खर्च होतात. म्हणजे जवळजवळ तीन पोळ्यांचें अन्न केवळ विजार वाळविण्यांत गेलें. चढतांना हा तोटा जाणवत नाहीं, कारण शरीर त्याहून अधिक उष्णता निर्माण करीत असतें. परंतु कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर उंच आहे, हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर. दर हजार मीटर उंचीस हवा साधारण सहा अंशांनीं उतरते, आणि कड्यावर वाऱ्यास कांहीं आडोसा नसतो. चालणें थांबलें कीं थरथर सुरू होते, बोटें गारठून बुटाची गांठ सुटत नाहीं, मग शब्द व पाऊल दोन्ही अडखळूं लागतात. शरीराच्या आंतील उष्णता ३५ अंश सेल्सिअसच्या खालीं उतरली म्हणजे ती स्थिति जिवावरची समजावी. थरथर थांबून मनुष्य गप्प व सुस्त झाला, तर त्यास बरें वाटूं लागलें असें मानूं नये. प्रकृति अधिक बिघडल्याचें तें लक्षण असतें. तात्पर्य, विजार निवडतांना चालण्याची वेळ व थांबण्याची वेळ यांचा विचार निरनिराळा केला पाहिजे.

आतां कापडाकडे वळूं. पाणी न शिरणारें कापड करण्याची पहिली यशस्वी युक्ति चार्ल्स मॅकिंटॉश यानें स्कॉटलंडांत काढली. दोन कापडांमध्यें रबराचा थर बसविण्याचें पेटंट त्यानें १८२३ सालीं घेतलें. आपल्याकडे कलकत्त्याच्या बेंगॉल वॉटरप्रूफचे 'डकबॅक' रेनकोट घरोघरीं परिचित होते. हीं कापडें पाऊस अडवीत, पण घामासही वाट देत नसत. १९६९ सालीं अमेरिकेंत बॉब गोअर यानें पी.टी.एफ.ई. नांवाचें द्रव्य एकदम झटक्यानें ताणून पाहिलें, तेव्हां अतिसूक्ष्म छिद्रांचा एक पडदा तयार झाला. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जाऊं शकत नाहीं, वाफ जाऊं शकते. हाच पडदा पुढें 'गोअर-टेक्स' या नांवानें कपड्यांत आला, आणि त्याच्या तत्त्वावर आज अनेक कारखाने आपापले पडदे करितात.

आजच्या बाजारांत येणेंप्रमाणें तीन जाती ढोबळ मानानें दिसतात. पहिली पी.व्ही.सी. लावलेल्या कापडाची, स्कूटरवाल्यांची विजार ती हीच. ती स्वस्त असते व पाणीही अडविते. परंतु स्कूटरवर बसलेल्या माणसाचे पाय हलत नाहींत. गडाच्या उंच पायऱ्या चढतांना ही विजार आसनाशीं फाटते आणि आंतून घामानें चिंब होते. दुसरी जात नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या पातळ कापडास आंतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेली. ती हलकी असून घडी करून पिशवींत मावते. तिसरी जात पडदा चिकटविलेल्या कापडाची. तींत बाहेरचें कापड, मधला पडदा व आंतील अस्तर हीं तीन एकजीव केलेलीं असलीं तर ती सर्वांत टिकाऊ समजावी. तिची किंमतही सर्वांत अधिक.

या तिसऱ्या जातीविषयीं एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. वाफ पडद्यांतून आपण होऊन बाहेर पडत नाहीं. आंतील हवेंत वाफ अधिक व बाहेरील हवेंत कमी असेल, तरच ती बाहेर जाते. घाम आलेल्या कातडीजवळील ३३ अंशांच्या ओल्या हवेंत दर घनमीटरास सुमारें ३६ ग्रॅम वाफ असते. बाहेर ५ अंशांचा थंड पाऊस असेल, तर तेथील हवा ओलीगच्च असूनही तींत सुमारें ७ ग्रॅमच वाफ मावते; फरक २९ ग्रॅमांचा झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशीं पावसांत २६ अंश उष्णता असली, तर तेथील हवेंत अगोदरच २४ ग्रॅम वाफ असते. फरक केवळ १२ ग्रॅमांचा उरतो. अर्थात् युरोपांतील थंड डोंगरांवर जो पडदा उत्तम काम देतो, तोच आपल्या पावसांत निम्म्याहूनही कमी काम देतो. यांत कापडाचा दोष नाहीं. हवेचा तो धर्म आहे. म्हणून आपल्याकडे कितीहि महाग विजार चढतांना सतत घातली, तरी मनुष्य पावसानें न भिजतां घामानें भिजतो. येथें पडद्यापेक्षां मांडीच्या बाजूस असलेली लांब चेन अधिक उपयोगी पडते, कारण ती उघडली कीं वारा आंत खेळतो.

चिठ्ठीवर दुसरा एक आंकडा असतो: ५,०००, १०,००० किंवा २०,००० मि.मी. कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला असतां तें पाझरूं लागतें, याचें तें माप आहे. दहा हजार मि.मी. म्हणजे दहा मीटरांचा स्तंभ, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरास एक किलोचा दाब. साठ किलो वजनाचा मनुष्य ओल्या कातळावर बसला आणि त्याचा भार ३०० चौरस सेंटिमीटरांवर पडला, तर दाब सुमारें २,००० मि.मी.चा झाला. तोच मनुष्य एका गुडघ्यावर टेकला व तीस किलोंचा भार चाळीस चौरस सेंटिमीटरांवर आला, तर दाब ७,५०० मि.मी.पर्यंत जातो. पाठीवर पिशवी असेल तर त्याहून अधिक. यावरून दिसून येईल कीं, विजार पाझरते ती बहुधा बैठकीवर व गुडघ्यावर. आणि १०,००० च्या आसपासचा आंकडा आपल्या कामास पुरतो. केवळ २०,००० हा आंकडा पाहून दुप्पट पैसे देण्याचें कारण नाहीं. तो पैसा शिवणींत व जाड कापडांत गेलेला बरा.

टिकाऊपणाची परीक्षा अशी. धाग्याची जाडी डेनियर या मापानें सांगतात. नऊ हजार मीटर धाग्याचें जें वजन ग्रॅममध्यें भरेल तितके त्याचे डेनियर. वीस डेनियरचें कापड फुलासारखें हलकें असतें, आणि करवंदीच्या एका ओरखड्यानें फाटतें. सह्याद्रीसाठीं चाळीसच्या खालीं जाऊं नये. बैठक, गुडघे व घोट्याची आंतील बाजू येथें सत्तर किंवा त्याहून जाड कापड दुहेरी लावलेलें असावें. उतरतांना ओल्या कातळावरून आपण कितीदां बसून घसरतों हें ज्यानें अनुभविलें आहे, त्यास बैठकीचें महत्त्व सांगावयास नको. विणींत बारीक चौकड्या दिसत असल्या तर त्या शोभेसाठीं नसतात. ठराविक अंतरावर जाड धागा घातल्यामुळें लहान चीर पुढें वाढत नाहीं.

बेताकडेही पाहावें. आपल्या जुन्या सुरवारीला आसनाशीं कळी लावीत, ती हौसेची नव्हती. तिच्यामुळें पाय मोकळा पडतो. डोंगरी विजारीसही तशी कळी हवी व गुडघ्याशीं थोडा बांक हवा. दुकानांत विजार घालून उकिडवें बसून पाहावें आणि गुडघा कंबरेपर्यंत उचलावा. कोठें ताण पडला तर ती विजार राजगडाच्या चोरदरवाजाच्या वाटेवर त्याच जागीं उसवेल असें खुशाल समजावें. मग ती उलटी करून प्रत्येक शिवण पाहावी; प्रत्येक शिवणीवर आंतून पट्टी चिकटविलेली असली पाहिजे, कारण सुईच्या छिद्रांतून पाणी हटकून येतें. खालची चेन इतकी लांब असावी कीं बूट न काढतां विजार चढवितां-उतरवितां येईल. विजारीचा तळ बुटाच्या बाहेर यावा. तो बुटांत खोंचला तर कापडावरून ओघळणारें सर्व पाणी बुटांत जमा होतें.

येथवर आलेल्या गोष्टींवरून निवडीचे तीन प्रसंग निघतात. एका दिवसांत गड चढून उतरावयाचा असेल, तर चालतांना जलाभेद्य विजार घालूंच नये. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची पातळ, लवकर वाळणारी पूर्ण लांबीची विजार घालावी. ती भिजेल, पण पाणी धरणार नाहीं. पिशवींत प्लास्टिकमध्यें गुंडाळून एक हलकी जलाभेद्य विजार ठेवावी, ती माथ्यावर थांबण्यापूर्वीं वरून चढवावी. थरथर सुरू होण्याची वाट पाहूं नये. परतीसाठीं एक कोरडा जोड निराळा असावा. दुसरा प्रसंग गडावर मुक्कामाचा. त्यासाठीं वरील सर्व सामान घ्यावें, आणि जलाभेद्य विजार जाड कापडाची घ्यावी, कारण सायंकाळपासून सकाळपर्यंत तीच अंगावर राहावयाची. तिसरा प्रसंग हिमालयाचा. केदारनाथ सुमारें ३,५८० मीटरांवर आहे, अमरनाथची गुहा त्याहूनही उंच. तेथील पाऊस बर्फाच्या जवळचा असतो; तेथें तीन थरांची, पूर्ण पट्ट्या लावलेली, बाजूस लांब चेन असलेली विजार हीच योग्य, व ती चालतांनाही घालावी. थंडीमुळें पडद्याचें कामही तेथें चांगलें होतें.

एकत्र कुटुंबांत हा खर्च थोड्या युक्तीनें भागवितां येतो. घरांतील पांच भावंडांना पांच हलक्या विजारी घेण्यापेक्षां, कंबरेस नाडी असलेल्या दोन चांगल्या घ्याव्या. सर्व जण एकाच रविवारीं निघत नाहींत. परंतु मुलींसाठीं ही युक्ति सरसकट चालवूं नये. भावाची विजार बहिणीस कंबरेंत सैल व कटिभागीं घट्ट होते, आणि चढणीवर तेथेंच ताण पडून फाटते. शिवाय आडोशास जावयाचें झाल्यास भर पावसांत सर्व कपडे उतरविण्याची पाळी येऊं नये, यासाठीं बाजूच्या पूर्ण चेनीचा उपयोग त्यांस विशेष आहे. ही गोष्ट मुली संकोचानें बोलत नाहींत. आई-काकूंनीं आपण होऊन ध्यानांत घ्यावी. वाढत्या मुलांसाठीं महाग विजार घेऊं नये. त्यांस पातळ विजार व दोन कोरडे जोड पुरतात.

नवी विजार गडावर नेण्यापूर्वीं घरीं पारखावी. एक जाड पंचा पाण्यांत भिजवून चौपदरी करावा व पाटावर ठेवावा. विजारीच्या आंत, बैठकीच्या जागीं, कोरड्या वर्तमानपत्राची घडी घालून ती पंचावर पसरावी, आणि घरांतील वजनदार माणसानें दहा मिनिटें तिच्यावर बसावें. कागद कोरडा राहिला तर बैठक विश्वासाची. मग गुडघ्याच्या जागीं घडी सरकवून एका गुडघ्यावर टेकून पाहावें. तसेंच रोजची सुती विजार व डोंगरासाठीं घेतलेली पातळ विजार स्वयंपाकघरांतील वजनकांट्यावर प्रथम कोरड्या, नंतर भिजवून पिळलेल्या अशा तोलाव्या. जो फरक निघेल तेवढें पाणी प्रत्येक पावलास उचलावें लागतें. जीन्सचा हट्ट धरणाऱ्या मुलाशीं वाद घालण्यापेक्षां हा कांटा त्याच्यासमोर ठेवावा.

निगेविषयीं थोडेंसें. जलाभेद्य विजारीचा शत्रु पावसापेक्षां दमट फडताळ होय. पॉलियुरेथेनचा लेप ओलसर उष्ण हवेंत हळूहळू विघटित होतो. प्रथम चिकट लागतो, पुढें त्याचे पापुद्रे निघतात. आपल्या दमट हवेंत न वापरलेली विजारही त्यामुळें कांहीं वर्षांत निकामी होते. म्हणून ती घडी करून माळ्यावर टाकूं नये. पुरती वाळवून हवेशीर खुंटीवर टांगावी, कडक उन्हांत ठेवूं नये. चिखल व घाम राहूं न देतां सौम्य साबणानें धुवावी, साबणाचा अंश उरूं नये म्हणून पुष्कळ पाण्यांत खळबळावी, आणि कपडे मऊ करणारें द्रावण तिला कधींही लावूं नये. बाहेरून पाणी थेंबाथेंबानें घरंगळेनासें झालें, तर चिठ्ठीवर इस्त्रीस मनाई नसल्यास वर सुती कापड ठेवून कोंबट इस्त्री फिरवावी. उष्णतेनें बाहेरचा लेप पुन्हां कांहीं अंशीं कामास येतो. या बाहेरच्या लेपांत पूर्वीं फ्लोरीनयुक्त द्रव्यें वापरीत. तीं निसर्गांत नाश पावत नाहींत असें आढळल्यामुळें आतां त्यांवर कित्येक ठिकाणीं निर्बंध आले आहेत. नव्या निर्धोक लेपांवर तेल व मळ लवकर बसतो. म्हणून अशी विजार अधिक वेळां धुवावी लागते, एवढा त्रास सोसावा.

शेवटीं एक इशारा. चांगली विजार पावसापासून रक्षण करिते, वाहत्या पाण्यापासून नाहीं. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळ अचानक वाढलेल्या लोंढ्यांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. विजारीचा तळ नाडीनें घट्ट बांधून ओढ्यांत उतरलें, तर आंत भरलेलें पाणी बाहेर पडावयास वाट उरत नाहीं व पाऊल उचलेनासें होतें. म्हणून ओढ्यापाशीं नाडी सोडावी. पाणी गढूळ होऊन वाढत असेल तर अलीकडेच थांबावें, मग घरीं पोंचावयास रात्र झाली तरी चालेल. वडील माणसांनीं मुलास निघतांना विजारीबरोबर हीही मोकळीक द्यावी, कीं उशीर झाला म्हणून कोणी रागावणार नाहीं. उशिराच्या भीतीनें ओढ्यांत घातलेलें पाऊल कोणत्याही कापडानें सांवरत नाहीं.